चंद्राला कोणी कापलं?

(पुण्यात बुधवार पेठेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बुधवार पेठेत उभं राहून चंद्राबद्दल बोलायचं तर सुरुवात दगडूशेठच्या रांगेपासूनच करावी लागते. संकष्टीच्या संध्याकाळी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. दर्शन झालं की लोक घड्याळ बघतात, आज चंद्रोदय किती वाजता? पंचांगात नऊ वाजून अमुक मिनिटं असं छापलेलं असतं. तेवढी वेळ झाली की उपास सुटतो. आकाशात ढग असले तरी सुटतो, कारण चंद्र ढगाआड उगवलेला आहे अशी आपली खात्री असते. ही खात्री साधी गोष्ट नाही बरं का. न दिसणाऱ्या वस्तूच्या वेळेवर आपण जेवतो!

आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीला नेमकं उलट. त्या दिवशी चंद्र बघायचा नाही. गणपती उंदरावरून घसरला, चंद्र हसला, गणपतीने शाप दिला. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. काही घरांत याच शापामुळे चंद्र झिजतो असंही सांगतात. एक गंमत लक्षात घ्या. शुद्ध चतुर्थीची कोर रात्री साधारण ज्या सुमाराला मावळते, त्याच सुमाराला संकष्टीचा चंद्र उगवतो. एक चंद्र चुकवायचा, एकाची वाट बघायची, आणि घड्याळ जवळजवळ तेच. ज्यांनी या चालीरीती घडवल्या त्यांचे डोळे आकाशाकडे होते, एवढं यावरून नक्की दिसतं.

आता मुद्द्याकडे येतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी अनेक वर्षं मुलांना एक प्रश्न विचारत असे. चंद्राच्या कला कशामुळे होतात? पदवीची मुलं, काही विज्ञान शाखेतून आलेली. निम्म्याहून जास्त हात वर व्हायचे आणि उत्तर यायचं, 'सर, पृथ्वीची सावली पडते.' आज इथे हात वर करायला सांगत नाही. पण ज्यांच्या मनात हेच उत्तर आलं असेल त्यांनी ते तसंच धरून ठेवा. त्याची आपल्याला थोड्या वेळाने गरज लागणार आहे.

आजची जी गोष्ट आहे ती छोटा नागपूरच्या हो आणि मुंडा लोकांची. म्हणजे आजच्या झारखंडचा भाग. तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून झारखंडची गोष्ट कशाला? तर आपल्याच राज्यात, मेळघाटात, कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही आणि शेजारच्या गोंडीच्याही कुळातली नाही. ती हो, मुंडारी, संथाळी यांच्या कुळातली आहे. अमरावती जिल्ह्यात बोलली जाणारी एक भाषा आणि सिंहभूममध्ये बोलली जाणारी भाषा या बहिणी आहेत. कोरकू हीच गोष्ट सांगतात असा माझा दावा नाही. भाषा एका वाटेने जाते आणि गोष्ट दुसऱ्या वाटेने. पण ही माणसं 'कुठली तरी लांबची' नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

गोष्ट अशी.

पूर्वी सूर्यालाही मुलं होती आणि चंद्रालाही. दोघांची मिळून उष्णता आणि उजेड इतका व्हायचा की माणसांना तो सोसेना. तेव्हा दोघांनी ठरवलं, आपापली मुलं खाऊन टाकायची. चंद्राने आपली मुलं खाल्ली नाहीत. लपवून ठेवली. काही ठिकाणी सांगतात, टोपलीखाली लपवली. सूर्याला वाटलं, हिने खाल्ली. त्याने शब्द पाळला आणि स्वतःची मुलं खाऊन टाकली. मग अंधार पडल्यावर चंद्राने आपली मुलं बाहेर काढली. तेच तारे. सूर्याने ते पाहिलं, संतापला, तिच्या मागे लागला आणि तिला मधोमध चिरलं. तेव्हापासून ती कापली जाते आणि पुन्हा भरून येते. तिच्या मुली मात्र तिच्याजवळच राहिल्या.

मी 'ती' म्हणतोय हे तुमच्या कानाला खटकलं असेल. आपल्याकडे चंद्र म्हणजे चांदोबा, मामा, पुरुष. तिकडे ती बाई आहे, आई आहे. मराठीत ही गोष्ट सांगताना जीभ अडखळते, पण 'तो' म्हटलं की गोष्टच मरते.

ही कागदावर कशी आली तेही सांगितलं पाहिजे. टिकेल नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हो लोकांवर एक लेख लिहिला, तिथे ती पहिल्यांदा आली. १८७१ साली एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या 'प्रिमिटिव्ह कल्चर' या ग्रंथात तिची तुलना मलाया द्वीपकल्पातल्या मिंतिरा लोकांच्या गोष्टीशी केली. मुलं खाण्याचा करार, लपवाछपवी, हे सगळं मी तुम्हाला सविस्तर सांगितलं ते त्या मलायी रूपात जास्त भरून आलेलं आहे. पण तिथे सूर्यही बाईच आहे, आणि शेवट ग्रहणाचा आहे. सूर्य पाठलाग करते, कधीतरी गाठते आणि चंद्राला चावते. चिरण्याचा आणि भरून येण्याचा शेवट हो लोकांचा. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, डाल्टन या अधिकाऱ्याच्या ग्रंथात आणखी एक तपशील आला. चंद्र ही सिंगबोंगाची, म्हणजे सूर्यदेवाची, बायको. तिने फसवलं म्हणून त्याने तिला कापलं, पण नंतर त्याला पश्चात्ताप झाला. म्हणून महिन्यातून एकदा तो तिला तिचं पूर्ण रूप परत देतो.

या तपशिलापाशी जरा थांबू या. रागाच्या भरात तोडायचं, मग वाईट वाटून घ्यायचं, मग चार दिवस सगळं छान, आणि मग पुन्हा तेच. ही गोष्ट आकाशातली आहे असं मला वाटत नाही. ज्या बाईने ती पहिल्यांदा सांगितली असेल, आणि ती बाईच असणार असं माझं मन म्हणतं, तिने हा क्रम कुठल्या तरी घरात पाहिला होता. आणि गोष्टीत शिक्षा कोणाला होते? जिने मुलं वाचवली तिला. ज्याने स्वतःची मुलं खाल्ली तो रोज लखलखीत उगवतो. गोष्ट हे सांगते आणि पुढे जाते, कोणाला बोल लावत नाही. आपल्या पुराणकथांत असं कमी होतं. तिथे ज्याला शिक्षा होते त्याने काहीतरी केलेलं असतं.

दक्षाचीच कथा घ्या. महाभारतात शल्यपर्वात आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. तो एकट्या रोहिणीकडेच राहायचा. बाकीच्यांनी बापाकडे तक्रार केली, दक्षाने शाप दिला, चंद्राला क्षय लागला. मग प्रभासतीर्थावर स्नान केल्यावर तो पुन्हा वाढू लागला. याच्याही आधी तैत्तिरीय संहितेत ही कथा आहे. तिथे प्रजापतीच्या मुली तेहतीस आहेत. पुढे त्या सत्तावीस झाल्या, कारण तोपर्यंत नक्षत्रं सत्तावीस हा हिशेब पक्का झालेला होता.

दक्षाच्या कथेत निरीक्षण आहे, आणि ते उत्तम आहे. चंद्र दर रात्री एक नक्षत्र ओलांडतो. सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी पुरी होते. रोहिणीवर त्याचं प्रेम का? तर चंद्र काही वर्षं दर फेरीला रोहिणीच्या ताऱ्याला चक्क झाकतो. मग काही वर्षं तो तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे चक्र १८.६ वर्षांचं आहे. शेवटची अशी मालिका २०१५ ते २०१८ मध्ये झाली.

पण कला २७.३ दिवसांच्या नाहीत. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५ दिवस लागतात. हा दोन दिवसांचा फरक कुठून आला? घड्याळाकडे बघा. बारा वाजता दोन्ही काटे एकमेकांवर असतात. मिनिटकाटा एक फेरी मारून बारावर परत येतो तेव्हा तासकाटा एकवर सरकलेला असतो. त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी पाच-साडेपाच मिनिटं जावं लागतं. चंद्र हा मिनिटकाटा आणि सूर्य हा तासकाटा. चंद्र नक्षत्रांची फेरी पुरी करतो तोवर सूर्य जवळजवळ एक राशी पुढे गेलेला असतो, आणि त्याला गाठायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून तर पौर्णिमा दर महिन्याला वेगळ्या नक्षत्रात येते, आणि चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक अशी महिन्यांची नावं पडली.

याचा अर्थ कलांचं कारण नक्षत्रांत नाही. ते सूर्यात आहे. आणि दक्षाच्या कथेत सूर्य कुठे आहे? कुठेच नाही. रोहिणी आहे, सासरा आहे, शाप आहे, सूर्य नाही. हो लोकांच्या गोष्टीत मात्र पहिल्या वाक्यापासून सूर्य आहे. चंद्राला जे होतं ते सूर्यामुळे होतं, असं ती गोष्ट ठामपणे म्हणते.

हे ओळखायला काही दुर्बीण लागत नाही. दर संध्याकाळी आणि दर पहाटे बघणारा माणूस लागतो. कृष्ण पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो. म्हणजे काय, तर तो पहाटेच्या सूर्याच्या रोज जवळ जातो. आणि जसजसा जवळ जातो तसतसा बारीक होतो. अमावास्येला दिसेनासा होतो. मग पश्चिमेला बारीकशी कोर, सूर्यापासून दूर जाते तशी मोठी होते, आणि सूर्याच्या अगदी समोर गेली की पूर्ण. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. सूर्य जवळ, तर चंद्र क्षीण. सूर्य लांब, तर चंद्र पुष्ट. ही व्याप्ती कोणीतरी पाहिली, आणि मग तिची गोष्ट केली. जवळ गेलं की कापतो.

आपल्या परंपरेतही हे कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. 'अमावास्या' हा शब्दच बघा. अमा म्हणजे एकत्र, वास म्हणजे राहणं. सूर्य-चंद्र एका घरी राहतात ती रात्र. आणि शतपथ ब्राह्मणात तर म्हटलं आहे की सूर्य म्हणजे इंद्र आणि चंद्र म्हणजे वृत्र. अमावास्येला इंद्र त्याला गिळतो, चोखून घेतो आणि टाकून देतो. मग तो पश्चिमेला दिसू लागतो आणि पुन्हा वाढतो. गिळणारा सूर्य आणि चिरणारा सूर्य! एक वेदवाङ्मयात, एक साल वनात. यांत कोणी कोणाकडून घेतलं ही चर्चा मी करणार नाही. आकाश एकच होतं.

पण अप्पा बळवंत चौकात जाऊन बघा. दक्षाची कथा पुराणांच्या फळीवर मिळेल, शतपथ वेदवाङ्मयाच्या फळीवर, आणि हो लोकांची गोष्ट मिळालीच तर 'आदिवासी जीवन' असं लिहिलेल्या कोपऱ्यात, धूळ झटकून. पहिलीला आपण संस्कृती म्हणतो, दुसरीला प्राचीन ज्ञान, आणि तिसरीला, उदारपणाने, 'निरागस कल्पना'. ही प्रतवारी गोष्टींत काय आहे ते बघून झालेली नाही. सांगणारा कोण आहे ते बघून झालेली आहे.

आता उलट बाजू. गोष्टीचं कौतुक करून थांबलो तर मी तिला न्याय दिला असं होणार नाही. ती म्हणते, सूर्य कापतो. ठीक आहे, मग कापलेली बाजू कुठली असायला हवी? सूर्याकडची. तलवार चालवणारा ज्या बाजूला उभा आहे ती बाजू आधी जाईल. आता आकाशात बघा. संध्याकाळच्या कोरीचा उजळ भाग कुठे असतो? पश्चिमेला, सूर्य मावळला त्या बाजूला. पहाटेच्या कोरीचा? पूर्वेला, सूर्य उगवणार त्या बाजूला. म्हणजे सूर्याकडची बाजू शाबूत आणि लांबची गायब! इथे गोष्ट हरते. शतपथातला इंद्रही इथेच हरतो.

जिंकतो तो वराहमिहिर. सहाव्या शतकातला. बृहत्संहितेत तो म्हणतो की चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो आणि दुसरा अर्धा त्याच्या स्वतःच्याच सावलीने काळा असतो, उन्हात ठेवलेल्या घागरीसारखा. किती साधा दाखला आहे! अंगणातल्या घागरीभोवती फिरा. एका जागेवरून ती सगळी उजळ दिसेल, एका जागेवरून अर्धी, एका जागेवरून काळी. घागरीला काही होत नाही. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर सगळं आहे. कोणी कापलं नाही, कोणी शाप दिला नाही, चंद्र कधी कमी झालाच नव्हता.

आणि आता ते मघाचं उत्तर काढा. पृथ्वीची सावली. शुद्ध अष्टमीला दुपारी चार वाजता गच्चीवर जा. पूर्वेकडे अर्धा चंद्र दिसेल, पश्चिमेकडे सूर्य असेल. पृथ्वीची सावली सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. म्हणजे त्या वेळी ती पूर्वेच्या क्षितिजाखाली आहे. तिथून उठून ती चंद्राचा अर्धा भाग कसा झाकणार? पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त ग्रहणात, फक्त पौर्णिमेला. मग ही सावलीची कल्पना आपल्यात आली कुठून? कोणी पाहिली म्हणून आली नाही. शाळेत ग्रहणाची आकृती पाहिली, कलांची आकृती पाहिली, दोन्हींची सरमिसळ झाली, आणि 'सावली' हा शब्द शास्त्रीय वाटला म्हणून टिकला. तीसुद्धा एक लोककथाच आहे. फरक इतकाच की हो लोकांनी आपली कथा आकाशाकडे बघून केली होती, आणि आपण आपली कथा आकाशाकडे न बघता केली.

टायलर अशा कथांना मानवजातीच्या बालपणातलं तत्त्वज्ञान मानत असे. म्हणजे विज्ञानच, पण कच्चं. याच्या विरुद्ध विट्‌गेन्श्टाइन उभा राहिला. फ्रेझरच्या 'गोल्डन बाव' या ग्रंथावर १९३१ साली त्याने टिपणं केली. त्यांचा रोख असा की या लोकांचे विधी म्हणजे चुकीची मतं आहेत असं दाखवणं हीच फ्रेझरची चूक. तिथे मत नाहीच, मग चुकेल काय? विट्‌गेन्श्टाइनचा मी मोठा चाहता आहे, पण इथे त्याच्याबरोबर जात नाही. तो बोलत होता मुख्यतः विधींबद्दल. या गोष्टीत मात्र मत आहे. सूर्य कारण आहे, हे मत. ते तपासता येतं. तपासलं तर अर्धं टिकतं, अर्धं पडतं. एखाद्याच्या बोलण्यात मतच नाही असं म्हणणं हा त्याचा मोठा मान आहे असं विद्वानांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माझं म्हणणं कोणी खोडून काढलं तर मला चालेल. माझं काही म्हणणंच नव्हतं असं म्हणू नये.

इथल्या श्रोत्यांना हेही सांगतो की या मध्य भारतातल्या गोष्टी गोळा करणारे एक मोठे गृहस्थ, व्हेरिअर एल्विन, हिंदुस्थानात आले ते १९२७ साली आणि आधी पुण्यातच राहिले, ख्रिस्त सेवा संघात. पुढे ते जंगलात गेले. १९४९ सालचं त्यांचं 'मिथ्स ऑफ मिडल इंडिया' चाळा. सूर्य, चंद्र, तारे यांच्या इतक्या गोष्टी आहेत की आपल्या एका दक्षाला त्यात हरवायला होईल.

आता थोडं अमावास्येबद्दल, मग प्रश्न घेऊ. बृहदारण्यक उपनिषदात चंद्राला सोळा कळा सांगितल्या आहेत. पंधरा रात्रींबरोबर येतात-जातात. सोळावी मात्र ध्रुव आहे, ती जात नाही. अमावास्येच्या रात्री चंद्र त्या सोळाव्या कळेने सगळ्या प्राण्यांत शिरतो, म्हणून त्या रात्री कोणाचाही जीव घेऊ नये, सरड्याचासुद्धा. बघा, प्रश्न बदलला. कशामुळे झिजतो हा प्रश्नच नाही. सगळं गेल्यावर काय उरतं आणि ते कुठे असतं, हा प्रश्न आहे. उन्हातली घागर या प्रश्नाचं उत्तर देत नाही, कारण तिला तो पडलेलाच नाही. हो लोकांच्या गोष्टीला मात्र तो पडलेला आहे. तिचं उत्तर साधं आहे: मुली उरतात.

प्रश्न घ्या.

(एका श्रोत्याने विचारलं: तारे जर चंद्राची मुलं, तर अमावास्येला आई नसताना ते सगळ्यांत जास्त कसे दिसतात?)

वा! नेमकी जागा पकडलीत. पौर्णिमेला, आई पूर्ण असताना, मुलं फिकी पडतात. आई नसते तेव्हा आकाश भरून जातं. मला माहीत असलेल्या कुठल्याही रूपात याचं उत्तर नाही. मोह असा होतो की म्हणावं, त्या रात्री ती सूर्याच्या घरी जाऊन त्याला अडवून धरते, म्हणून मुलं निर्धास्त खेळतात. 'अमावास्या' या शब्दाशीही ते जुळेल. पण ती माझी भर झाली. त्यांची गोष्ट तिथे गप्प आहे, तर गप्पच राहू द्या.

(दुसरा प्रश्न: नातवाला गोष्ट सांगू की घागर?)

नातू केवढा आहे? सात वर्षांचा? मग गोष्ट आज रात्री सांगा. आणि शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमाराला त्याला गच्चीवर न्या. घागर नको, जड होईल. एक लिंबू घ्या. हात लांब करून, उन्हात, चंद्राच्या अगदी शेजारी धरायला सांगा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसेल तेवढाच चंद्राचाही असेल, त्याच बाजूने. मग विचारा, लिंबाला कोणी कापलं? तो काय म्हणतो ते मला पुढच्या व्याख्यानाला येऊन सांगा.